डाव मांडण्याआधी घरचे नियम ठरवा



उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरवाशिणी येतात, पुण्या-मुंबईची पोरं येतात आणि कुणाच्या तरी पिशवीतून 'उनो'चे रंगीत पत्ते निघतात. आपल्या धाराशिवच्या उन्हात दुपारी बाहेर कुठं जाणार? डाव रंगतो आणि थोड्याच वेळात भांडण लागतं, "आमच्याकडं असं नसतं!"

यात नवल नाही. मेंढीकोट, झब्बूचे नियमसुद्धा घरोघरी बदलतात. 'उनो' तर अशाच वादातून जन्मला. 1971 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्याचा मुलाशी पत्त्यांच्या नियमावरून वाद झाला, त्यातून त्यानं हा खेळ काढला.

खेळ सोपा आहे. मूळ संचात पत्ते 108, रंग चार: लाल, पिवळा, हिरवा, निळा. प्रत्येकीला 7 पत्ते वाटायचे. खालच्या पत्त्याचा रंग किंवा आकडा जुळला की आपला पत्ता टाकायचा. हातात एकच पत्ता उरला की "उनो" म्हणायचं. स्पॅनिश भाषेत उनो म्हणजे एक. म्हणायला विसरलात आणि पकडल्या गेलात, तर दोन पत्ते उचलायचे.

वाद होतात ते तीन ठिकाणी.

पहिला, अधिक दोनच्या पत्त्यावर पुन्हा अधिक दोन टाकायचा का? कंपनीच्या नियमात तसं चालत नाही. ज्याच्यावर पत्ता पडला त्यानं दोन उचलायचे आणि त्याची पाळी जाते. पण बऱ्याच घरांत चढवत नेतात. मग शेवटी बसलेल्या लहानग्याला आठ पत्ते उचलावे लागतात आणि रडारड होते.

दुसरा, पत्ता जुळत नसेल तर किती उचलायचे? नियमानं एकच. तो जुळला तर टाकायचा, नाहीतर पाळी पुढं. जुळेपर्यंत उचलत बसलं, तर डाव संपता संपत नाही.

तिसरा, अधिक चारचा पत्ता. चालू रंग हातात नसेल तरच तो टाकता येतो. संशय आला तर पुढची खेळणारी "दाखवा" म्हणू शकते. लबाडी निघाली तर टाकणारीनं चार उचलायचे, नाही निघाली तर विचारणारीनं सहा.

आमच्या गटाच्या बैठकीनंतर आम्ही खेळत होतो. एक सून दर वेळी मुकाट्यानं चार पत्ते उचलायची. नंतर म्हणाली, "नियम मला ठाऊक होता ओ ताई, पण सासूबाईंना पत्ते दाखवा असं कसं म्हणू?"

आम्ही सगळ्याच गप्प झालो. मग घरचा नियम केला: अधिक चार टाकणारीनं न विचारता आपले पत्ते पुढचीला दाखवायचे. सहा पत्त्यांचा दंड बंद. पुढच्याच डावात सासूबाई सापडल्या आणि सगळ्यांत जास्त त्याच हसल्या.

गटाचा हिशोब आपण दर बैठकीत मोठ्यानं वाचतो, तो याचसाठी. विचारायची हिंमत नसलेलीलाही तो कळला पाहिजे.

तेव्हा पत्ते पिसण्याआधी हे तीन नियम मोठ्यानं बोलून ठरवा, आणि ठरवताना सगळ्यांत धाकटीला आधी विचारा. मधेच नियम बदलायचा नाही आणि पैसे लावायचे नाहीत, एवढं मात्र पक्कं.

चला तर मग, वाटा पत्ते!