साधी गाठ, अवघड जागा

'गाठ साधी आहे, कर्करोगाची नाही' असे कळले की आपला जीव भांड्यात पडतो. पण गाठ कशाची आहे याइतकेच ती कुठे आहे यालाही महत्त्व असते. मोठ्या आतड्यातली चरबीची गाठ हे याचे चांगले उदाहरण.

हातावर किंवा पाठीवर चरबीची मऊ गाठ अनेकांना असते. ती वर्षानुवर्षे त्रास देत नाही. अशीच गाठ क्वचित मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराखाली, बहुधा उजव्या बाजूला, वाढते. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असली तर सहसा तिचा पत्ताही लागत नाही. मोठी झाली की ती आतड्याच्या पोकळीत लोंबू लागते.

आतडे लाटेसारखे आकुंचन पावून अन्न पुढे सरकवते. ते गाठीलाही तसेच ढकलते आणि गाठ आतड्याची भिंत ओढून नेते. वर्गात हे दाखवता येईल. जुन्या सदऱ्याच्या बाहीला आतून, मध्यावर, एक मोठे बटण शिवा. एका मुलाने मनगटाकडची कड धरावी, दुसऱ्याने त्या बाजूने हात घालून बटण ओढावे. बाही स्वतःच्याच पोटात शिरेल! आतड्याचेही असेच होते. वाट बंद होते, रक्तवाहिन्या दबतात आणि तो भाग निकामी होऊ लागतो. 'आतड्याला पीळ पडणे' म्हणतात ते वेगळे. इथे पीळ नसतो.

असे आतडे शिरण्याच्या शंभर रुग्णांत प्रौढ साधारण पाचच, बाकी मुले. मुलांत बहुधा गाठ नसते आणि गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून आतडे अनेकदा पूर्ववत करता येते. प्रौढांत मात्र दहापैकी सुमारे नऊ जणांत काही कारण सापडते. मोठ्या आतड्यात ते पुष्कळदा कर्करोगाचे असते. म्हणून बहुधा शस्त्रक्रिया करून तो भाग काढतात व तपासतात. सीटी स्कॅनमध्ये चरबी वेगळी ओळखू येते, त्यामुळे अंदाज आधीच बांधता येतो.

प्रौढांत दुखणे कित्येक आठवडे येते-जाते, म्हणून 'गॅस' समजून सोडून दिले जाते. पोटात कळा, फुगलेले पोट, उलट्या आणि शौच-वायू बंद अशी लक्षणे एकत्र दिसली तर एरंडेल किंवा जुलाब देऊ नये. बंद वाटेवर जोर वाढवला तर आतडे फाटू शकते. तडक रुग्णालय गाठावे. कराडलगतच्या मलकापुरात १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. या भागातल्या रुग्णाने पुण्या-मुंबईच्या वाटेत वेळ दवडू नये.