ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचे माप

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु रिक्षा किंवा मोटारसायकलवर ज्यांची चूल पेटते अशी घरे रत्नागिरीत थोडी नाहीत. 'गाडीला ओढ नाही' ही तक्रार तिथे रोजच्या कमाईशी निगडित असते. मग ओढ वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे?

पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, प्लगची ठिणगी ते पेटवते आणि त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. येथे दोन गोष्टी साधाव्या लागतात : माप आणि वेळ.

प्रथम माप पाहू. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. सर्वाधिक ताकद मात्र साडेबारा ते तेरा किलो हवेला मिळते. कारण पेट्रोल किंचित जास्त असले की आत आलेला सगळा प्राणवायू कामी येतो. त्याहून पेट्रोल वाढवले तर ताकद वाढत नाही, काळा धूर तेवढा वाढतो. उलट फारच कमी केले तर इंजिन तापते व अडखळते. प्लग काढून पाहिला की हे कळते. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी, आणि फिकट तपकिरी असेल तर माप बरोबर. कार्बोरेटरची गाडी घाट चढली की हेच माप बिघडते. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक अष्टमांश विरळ असते, पण पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही.

आता वेळ. मिश्रण जळायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडतात. मिनिटाला ३,००० फेरे घेणारे इंजिन २० अंश फिरते ते सेकंदाच्या नऊशेव्या भागात! झोपाळा मागे जाऊन वळला की आपण झोका देतो, तसा पुरा दाब पिस्टन माथा ओलांडून थोडा उतरल्यावर यावा. ठिणगी उशिरा पडली तर ताकद धुराड्यातून वाया जाते. फार लवकर पडली तर दाब वर येणाऱ्या पिस्टनलाच अडवतो, उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि खणखण आवाज येतो. हा आवाज घेऊन गाडी दामटली तर पिस्टनला भोकही पडते. म्हणून टायमिंग थोडे पुढे घ्यावे, चढावर गाडी चालवून पाहावी आणि खणखण ऐकू येताच मागे यावे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. नव्या गाड्यांत ही दोन्ही कामे बहुधा छोटा संगणकच करतो. परंतु जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांचे ज्ञान मेकॅनिकच्या कानात आहे. माझे वडील गॅरेजमध्ये काम करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. 'अंश' हा शब्द ते वापरत नाहीत, पण ठिणगीची प्लेट केसभर फिरवून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि अचूक थांबतात. 'का' ते मला पुस्तकांनी सांगितले. 'कुठे थांबायचे' ते त्यांना आधीच ठाऊक होते. असे ज्ञान कार्बोरेटरबरोबर नाहीसे होण्यापूर्वी आपण ते मराठीत लिहून ठेवले पाहिजे. हे काम कला शाखेच्या विद्यार्थ्याचेच आहे, असे मला वाटते.