ट्रॉली जोडली की इंडिकेटरची लय का बिघडते?

उसाच्या गळीत हंगामात दिवस मावळल्यावर महामार्गाने जाणाऱ्यांना एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हमखास आढळतो. ट्रॅक्टरचे मागचे दिवे उसाआड झाकलेले असल्याने तो कोणत्या बाजूला वळणार, हे शेवटच्या ट्रॉलीवरील इंडिकेटरवरूनच कळू शकते. ट्रॉलीला दिवे बसवून तारा जोडल्या की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या ट्रॅक्टर-जीपच्या बाबतीत मात्र तेवढ्याने भागत नाही. तेथे विचार करावा लागतो तो फ्लॅशर नावाच्या लहानशा डबीचा.

जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते. दिव्यांकडे जाणाऱ्या विजेने ती तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्याने वाकते आणि संपर्क तुटून दिवे विझतात. गार होताच ती पूर्ववत होते व दिवे पुन्हा लागतात. मिनिटाला ६० ते १२० वेळा अशी उघडझाप अपेक्षित असते.

ही लय सर्वस्वी विजेच्या प्रवाहावर अवलंबून असते. १२ व्होल्टवर २१ वॅटचा एक बल्ब १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. ट्रॅक्टरच्या एका बाजूचे पुढचा-मागचा असे दोन बल्ब मिळून ३.५ अँपिअर होतात. दोन ट्रॉल्यांचा एकेक बल्ब वाढला की हा आकडा ७ वर जातो. साहजिकच पट्टी लवकर तापते, उघडझाप घाईची होते आणि फ्लॅशर लवकर निकामी होतो.

या रचनेचा एक फायदाही आहे. ट्रॉली नसताना एखादा बल्ब गेला, तर प्रवाह घटून उघडझाप मंदावते किंवा दिवा नुसताच जळत राहतो. बिघाड चालकाला जागेवरच समजतो.

बाजारात मिळणारा हेवी ड्यूटी फ्लॅशर लय सुधारतो. त्यातील तापणाऱ्या भागाला बल्बच्या संख्येशी कर्तव्य नसते. तो बॅटरीच्या दाबावर चालतो. पण त्याचमुळे ट्रॉलीचा बल्ब गेला तरी चालकासमोरचा दिवा निर्धास्तपणे लुकलुकत राहतो. काही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये ट्रॉलीसाठी वेगळ्या दर्शक दिव्याची सोय असते. ती घेणे अधिक शहाणपणाचे.

फ्लॅशर घेताना त्यावर छापलेली वॅटची मर्यादा पाहावी. चारही कोपऱ्यांचे दिवे एकदम लावायचे असल्यास दोन ट्रॉल्यांसह आठ बल्बांचे १६८ वॅट होतात. ट्रॉलीला अर्थची स्वतंत्र तार द्यावी. गंजलेल्या हुकातून वीज नीट परतत नाही आणि दिवे मंद होतात. शिवाय निघण्यापूर्वी इंडिकेटर लावून एकदा मागे चक्कर मारावी. हेवी ड्यूटी फ्लॅशर बसविलेल्या वाहनात मागचा बल्ब गेल्याचे कळण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.