तार कोणाची?

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील एओएल या कंपनीने आपली डायल-अप सेवा बंद केली. साध्या टेलिफोनवरून, मोडेमची किरकिर ऐकत इंटरनेटला जोडून घेण्याची ही सोय. आम्हांला नवल वाटले ते ती इतकी वर्षे चालू राहिली याचे. २००२ मध्ये या कंपनीचे अमेरिकेत सुमारे २ कोटी ६७ लाख वर्गणीदार होते व त्यांतील बहुतेक डायल-अपवर होते. २०१५ पर्यंत डायल-अपचे जेमतेम २१ लाख उरले. लोकांनी इंटरनेट सोडले असे मुळीच नाही. प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांनुसार २००० साली अमेरिकेतील ३४ टक्के प्रौढांच्या घरी डायल-अप होते आणि ३ टक्क्यांकडे ब्रॉडबँड. २०१३ साली डायल-अप ३ टक्के आणि ब्रॉडबँड ७० टक्के. वर्गणीदार ब्रॉडबँडकडे गेले, पण जुन्या कंपन्यांना त्यांच्याबरोबर जाता आले नाही. असे का झाले हे समजण्यासाठी आधी तारेकडे पाहू.

टेलिफोन यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली असते. बोलणे समजायला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रता पुरतात, म्हणून एक्स्चेंजमध्ये बाकीच्या गाळल्या जातात. मग आवाजाचे दर सेकंदाला ८००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात. ८००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. एवढी रुंदी असलेल्या नळीतून याहून अधिक माहिती जाणार नाही. प्रत्येक नमुन्यातील सातच बिट भरवशाचे धरले, तर उरतात ५६ हजार. बाजारातील सर्वांत वेगवान मोडेमवर हाच आकडा छापलेला असे! या वेगाने ४० लाख बाइटचे एक गाणे उतरवायला साडेनऊ मिनिटे लागतात. (हा गुणाकार-भागाकार वर्गात मुलांकडूनच करून घ्यावा.)

गंमत अशी, की ही मर्यादा तांब्याच्या तारेची नाही. ती एक्स्चेंजमधील गाळणीची आहे. तीच तार थोड्या अंतरापर्यंत ११ लाख हर्ट्झपर्यंतच्या कंप्रता वाहू शकते. बोलण्यासाठी खालचा पट्टा ठेवून वरचा सगळा इंटरनेटला दिला की झाले डीएसएल. दूरचित्रवाणीच्या केबलचा पट्टा तर याहून कितीतरी रुंद असतो.

पण हा वरचा पट्टा वापरायचा, तर तारेच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची यंत्रे बसवावी लागतात, आणि ते टोक टेलिफोन किंवा केबल कंपनीच्या ताब्यात असते. डायल-अपचे तसे नव्हते. मोडेमची एक मांडणी आणि काही भाड्याच्या लाइन घेतल्या की कोणीही धंदा सुरू करावा. ग्राहकाच्या घरी टेलिफोन आधीच असे, आणि अमेरिकेत स्थानिक कॉलला बहुधा मिनिटामागे पैसे पडत नसत. (आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा सुरू केली, तेव्हा वर्गणी वेगळी आणि टेलिफोनचे बिल वेगळे भरावे लागे.) सगळे ग्राहक एकाच वेळी येत नाहीत, त्यामुळे एका मोडेमवर अनेकांचे भागे. एओएलने डिसेंबर १९९६ मध्ये १९.९५ डॉलरमध्ये महिनाभर हवे तेवढे इंटरनेट देऊ केले, तेव्हा हा हिशोब कोसळला. लोक जोडणी सोडीनात आणि इतरांना नंबर सतत एंगेज लागे.

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे १००० ग्राहक दरमहा २० डॉलर देतात आणि प्रत्येकामागे खर्च ८ डॉलर होतो. उत्पन्न २० हजार, शिल्लक १२ हजार. त्यांतील ३०० जण ४० डॉलरच्या ब्रॉडबँडवर गेले; मात्र त्या प्रत्येकामागे तारेचे भाडे धरून ३२ डॉलर खर्च होतात. आता उत्पन्न २६ हजार होते. शिल्लक मात्र ८४०० अधिक २४००, म्हणजे १०,८०० डॉलर. ग्राहक तेवढेच, उत्पन्न तीस टक्क्यांनी वाढले, आणि हाती उरणारी रक्कम दहा टक्क्यांनी घटली. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत नुसते उत्पन्नाचे आकडे वाचणाऱ्याला ही घट दिसत नाही.

पुढे तर भाड्याने तार मिळण्याचीही खात्री राहिली नाही. ‘ब्रँड एक्स’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००५ मध्ये जो निकाल दिला, त्यामुळे केबल कंपन्यांवर आपली तार इतरांना देण्याचे बंधन उरले नाही. त्याच वर्षी टेलिफोन कंपन्यांनाही डीएसएलबाबत अशीच मोकळीक मिळाली. एओएल तर २००१ मध्ये टाइम वॉर्नर या केबलमालक कंपनीशी एक झाली होती. तरी घरच्या केबल विभागाने ब्रॉडबँड विकले ते मुख्यतः रोड रनर या स्वतःच्या नावाने! अखेर ऑगस्ट २००६ मध्ये एओएलने ब्रॉडबँडवाल्यांना ईमेल वगैरे फुकट देऊन टाकले आणि जाहिरातींवर भिस्त ठेवली.

मग डायल-अप लगेच का मिटवले नाही? यंत्रांचे पैसे केव्हाच वसूल झाले होते आणि नवा खर्च जवळजवळ नव्हता. उरलेल्या ग्राहकाच्या वर्गणीतील मोठा भाग नफाच होता. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या अंदाजानुसार २०२३ सालीही सुमारे १ लाख ६३ हजार घरांत केवळ डायल-अप होते. डीएसएलचा संदेश एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर क्षीण होत जातो, आणि विरळ वस्तीत नवी केबल टाकणे कंपन्यांना परवडत नाही. टेलिफोनवरचे बोलणे मात्र तेवढ्या लांबवरही नीट ऐकू येते.