उशिरा आलेली दाद

बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम १९६७ साली अमेरिकेत खपाच्या यादीत १५ आठवडे पहिला होता. त्याच वर्षी आलेला ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ त्याच यादीत १७१ व्या जागेच्या वर कधी सरकला नाही. ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं २०२० साली सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमची यादी नव्यानं केली, तेव्हा हे दोघं शेजारीशेजारी बसले होते. व्हेल्व्हेटचा अल्बम २३ वा, बीटल्सचा २४ वा. त्याआधीच्या २००३ आणि २०१२ च्या याद्यांत सार्जंट पेपर पहिला होता. या वर्षांत तबकड्यांवरचा एकही सूर बदललेला नाही, ऐकणारे तेवढे बदलले. साठच्या दशकातले नावाजलेले अल्बम आज पहिल्यांदा ऐकणारी तरुण मुलं अनेकदा विचारतात, “यात एवढं काय आहे?” आणि जाणकार मंडळी त्या प्रश्नाला अडाणीपणा समजतात. मला हे चूक वाटतं. ज्या प्रतिक्रियांमधून या अल्बमचं मोठेपण घडत गेलं, त्याच मालिकेतली ही आजची प्रतिक्रिया आहे. तिचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं.

बीच बॉइज या कॅलिफोर्नियातल्या बँडचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम मे १९६६ मध्ये आला. वरच्या तिन्ही याद्यांत तो दुसरा आहे, म्हणजे आज त्याच्या थोरवीबद्दल फारसा वाद नाही. तो आला तेव्हा मात्र अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबला. आधीच्या अल्बमच्या मानानं ही पीछेहाट होती. कॅपिटॉल या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं तर दोन महिन्यांच्या आत बँडच्या जुन्या लोकप्रिय गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. अमेरिकन श्रोत्यांच्या मनात बीच बॉइज म्हणजे समुद्राच्या लाटा, वेगवान गाड्या आणि पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट. बँडची गाणी रचणाऱ्या ब्रायन विल्सननं त्यांच्यासमोर एका हळव्या, एकाकी तरुणाचं मन ठेवलं, आणि सोबतीला सायकलच्या घंट्या, फ्रेंच हॉर्न आणि कुत्र्यांचं भुंकणंही ठेवलं. श्रोत्यांना आपलीच ओळखीची माणसं परकी वाटली. इंग्लंडमध्ये तोच अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि वर्षअखेरीस तिथल्या एका मोठ्या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी जगातला सर्वोत्तम गायनसमूह म्हणून बीटल्सऐवजी बीच बॉइजना कौल दिला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याशी इंग्लिश श्रोत्यांचं तितकं नातं नव्हतं, त्यामुळे त्यांचा अपेक्षाभंगही झाला नाही, असं मला वाटतं. एकाच वर्षी, एकाच भाषेतल्या दोन देशांनी एकाच तबकडीला दिलेले हे दोन निकाल आहेत. अमेरिकेत पेट साउंड्सला सोन्याच्या तबकडीचं प्रमाणपत्र मिळायला २००० साल उजाडलं.

व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडचं प्रकरण आणखी बोलकं आहे. व्यसन आणि विकृत वासना यांच्याबद्दलची ती गाणी रेडिओनं दूर ठेवली, कंपनीनंही त्यांच्यामागे फारसं बळ लावलं नाही. संगीतकार ब्रायन ईनो यांचं एक म्हणणं पुढे प्रसिद्ध झालं, की ही तबकडी घेणारे थोडे होते, पण ज्यानं घेतली त्यानं स्वतःचा बँड काढला. त्यात अतिशयोक्ती आहे, पण दिशा बरोबर आहे. प्राग शहरात १९६८ साली, सोव्हिएत रणगाडे शिरल्यानंतर थोड्याच दिवसांत, ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा बँड उभा राहिला. सुरुवातीला तो व्हेल्व्हेटची गाणी वाजवायचा. सरकारनं त्याच्यावर बंदी घातली, १९७६ साली त्याच्याशी संबंधित मंडळींवर खटला चालवला, आणि त्या खटल्याच्या संतापातून नाटककार वाक्लाव हावेल आणि त्यांचे सहकारी एकत्र आले आणि १९७७ च्या जानेवारीत ‘चार्टर ७७’ हे नागरी हक्कांचं निवेदन निघालं. न्यूयॉर्कमध्ये विकली न गेलेली तबकडी प्रागमध्ये कुणाला इतकी जवळची वाटेल, हे १९६७ सालचा कुठला समीक्षक सांगू शकला असता? अल्बमचं वजन किती, हे कळायला त्याला त्याचे श्रोते भेटावे लागतात. ते कधी दहा वर्षांनी भेटतात, कधी दुसऱ्याच देशात. व्हॅन मॉरिसनचा १९६८ चा ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’ असाच बराच काळ थोड्यांच्या कौतुकावर तगून राहिला. समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी त्यावर लिहिलेला गाजलेला निबंध १९७९ चा आहे.

मग आजच्या श्रोत्याच्या मनाची पकड हे अल्बम का घेत नाहीत? त्याच्या कानात पडतं ते जसंच्या तसं तेव्हाचं नसतं, हे एक कारण आहे. बीटल्सनी सार्जंट पेपरच्या मोनो मिश्रणाला स्वतः बसून आकार दिला. स्टिरिओ मिश्रण नंतर, ते हजर नसताना, झटपट उरकलं गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं जगानं ऐकलं ते मुख्यतः स्टिरिओच. पेट साउंड्स तर मोनोतच घडला, कारण विल्सन यांना उजव्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. त्याचं पहिलं खरं स्टिरिओ मिश्रण १९९७ साली आलं. त्यात आता भर पडली आहे ती गाणी सुटी करून, उलटसुलट क्रमानं ऐकण्याची. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. या अल्बमनी जे नवं केलं ते पुढच्या हजारो अल्बमनी उचललं. चार ट्रॅकच्या यंत्रावर थरावर थर चढवून अ‍ॅबी रोड स्टुडिओत जे अवघड काम झालं, ते आज घरच्या संगणकावर होतं. अनुकरणं आधी ऐकलेल्या माणसाला मूळ वस्तू शेवटी भेटते, तेव्हा ती त्याला ओळखीची आणि म्हणून साधी वाटते. तो खोटं बोलत नसतो. अल्बम जिंकला, म्हणूनच त्याचं नवेपण संपलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो धीराचा. आजच्या मुलांना चाळीस मिनिटं एका जागी बसवत नाही, मग त्यांच्या मताला किंमत किती द्यायची, असं विचारतात. लक्ष विखुरलेलं आहे हे मान्य. पण १९६६ च्या अमेरिकन श्रोत्याकडे धीरही होता आणि पैसे मोजून घेतलेली तबकडी पुन्हापुन्हा लावण्याची सवयही होती, तरी पेट साउंड्सला त्याच्याकडून हवी तशी दाद मिळाली नाही. जाणकारांचंही तसंच. रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकानं जून १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सार्जंट पेपरवर टीका केली. स्टुडिओतल्या करामतींनी गाण्यांचा कमकुवतपणा झाकला आहे, हा त्याचा मुख्य रोख. वाचकांच्या संतापाच्या पत्रांचा त्याच्यावर भडिमार झाला आणि पुढची कित्येक वर्षं तो लेख चुकीच्या समीक्षेचा नमुना म्हणून सांगितला गेला. आज तोच अल्बम चोविसाव्या जागी आहे, आणि बीटल्सच्याच ‘अ‍ॅबी रोड’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’नं त्याला मागे टाकलं आहे. गोल्डस्टीन पूर्ण बरोबर होता असं मी म्हणत नाही. त्या अल्बमच्या अखेरच्या गाण्यातला वाद्यवृंदाचा चढता कल्लोळ आजही अंगावर येतो. पण त्याच्या तक्रारीत तथ्य होतं, हे मान्य करायला जगाला अर्धं शतक लागलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रत्येक पिढीनं निकाल फिरवायचा असेल, तर मग चांगलं-वाईट काही उरतच नाही, सगळा फॅशनचा खेळ. हे मला पटत नाही, आणि पटू नये याचा पुरावा त्याच याद्यांत आहे. २०२० साली मत देणारे कलावंत, निर्माते आणि समीक्षक तीनशेहून अधिक होते, आणि आधीच्या पंचांपेक्षा त्यांची घडण वेगळी होती. स्त्रिया, हिप-हॉप ऐकत वाढलेली माणसं, तरुण संगीतकार यांचा आवाज त्यात मोठा होता. म्हणून मार्विन गे यांचा १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहाव्या जागेवरून पहिल्या जागी आला. एवढी उलथापालथ होऊनही पेट साउंड्स आपल्या जागेवरून हलला नाही. पंच बदलले तरी जो टिकला, त्याच्यात पंचांपलीकडचं काहीतरी आहे, असं मानायला जागा आहे. ही कसोटी लागू करायची तर नव्या श्रोत्यांना ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक हवी. आधीच हात जोडून बसलेल्या श्रोत्याची दाद काहीच सिद्ध करत नाही.

आपल्याकडेही असं घडलं आहे. शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला असलेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम एचएमव्हीनं साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काढला. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहीर भैरवानं उजाडणारा आणि पहाडीवर मावळणारा. तेव्हा कानसेन मंडळींना संतूरच मान्य नव्हतं. काठीनं तारेवर टकटक करणाऱ्या वाद्यातून मींड, म्हणजे सुरातून सुरात घसरत जाणं, कशी निघणार, आणि मींडेशिवाय राग कसला, हा त्यांचा सवाल होता, आणि तो निराधार नव्हता. गिटारही परकी. पण शास्त्रीय मैफलीला कधी न गेलेल्या हजारो घरांनी ही तबकडी विकत घेतली, परदेशातही ती पोचली, आणि संतूरला मैफलीत बसायला जागा मिळाली त्यात या साध्या श्रोत्यांचा वाटा मोठा आहे. आज संतूर-बासरीची जोडी हॉटेलच्या लॉबीत आणि योगवर्गात इतकी वाजते, की नव्या श्रोत्याला मूळ अल्बमही पाठीमागे चालू ठेवायचं संगीत वाटू शकतो. त्याच्या यशानंच त्याच्यावर ही वेळ आणली.

घरात कुणी विशी-पंचविशीतलं असेल तर त्याच्यासाठी हा अल्बम सकाळच्या रागापासून क्रमानं, मध्ये न थांबवता लावा. आधी काही सांगू नका, थोर आहे हेही नाही. आवडला नाही असं तो म्हणाला, तर कुठे आवडला नाही ते विचारा, आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका.