आखाडा आणि आरोग्य : लेखांक ९ – नजर, नंबर आणि खडाखडी

गेल्या आठवड्यात मल्लांच्या मोडलेल्या कानांची कैफियत मांडून झाली, तेव्हा या आठवड्यात डोळ्यांची पाळी ओघानेच येते. शिवाय सांगली जिल्ह्यातील एका वाचक गृहस्थांनी, आपल्या सोळा वर्षांच्या चिरंजीवास उणे सव्वादोन नंबरचा चष्मा लागला असून त्याची तालीम बंद करावी किंवा कसे, असा खुलासा पत्राने मागविला आहे. पत्राच्या शेवटी ‘चष्मा लागला म्हणजे पैलवानकी संपली, असे गावात सर्वजण म्हणतात’ असे जे वाक्य आहे, ते इतके सरसकट आहे की त्याची उलटतपासणी केल्याखेरीज पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

उणे नंबराच्या, म्हणजे ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाला सगळेच जग पुसट दिसते, अशी एक समजूत आहे आणि ती चुकीची आहे. त्याच्या डोळ्यांपुढे एक मुक्रर सरहद्द असते. तिच्या अलीकडचे सर्व काही त्याला लख्ख दिसते आणि पलीकडचे उत्तरोत्तर विरघळत जाते. ही सरहद्द काढण्याचा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे : एक मीटरला नंबराने भागावे. उणे एक नंबरवाल्याची सरहद्द एका मीटरवर, म्हणजे जुन्या गजाहून थोडी पुढे. उणे दोनवाल्याची अर्ध्या मीटरवर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा जो आपला जुना ‘हात’, त्याहून चार-दोन बोटे पलीकडे. आणि उणे चारवाल्याची पंचवीस सेंटीमीटरवर, वीतभराहून किंचित लांब. नंबराचा आकडा कागदावर कितीही भयंकर दिसो, त्याचे मोजमाप असे हात-वितीत करून पाहिले म्हणजे मगच तो आखाड्यात कोठे आडवा येतो हे कळते.

आता कुस्तीकडे पाहावे. सलामी झाली, हाताला हात लागला, की खडाखडी सुरू होते. दोघे हातभर-दीड हात अंतर राखून एकमेकांचे मनगट, मान, कोपर चाचपीत फिरतात, आणि या घटकेला डोळ्यांचे काम खरोखरच पडते, कारण समोरचा एकेरी पटासाठी केव्हा खाली जातो ते त्याच्या कमरेच्या आणि पुढच्या पायाच्या हालचालीवरूनच ओळखायचे असते. पण एकदा पट निघाला, किंवा ढाक-घिश्श्यासाठी अंगाला अंग भिडले, की पुढची सर्व मसलत छातीने, मानेने आणि तळहातांनी चालते. तेथे डोळे मिटून घेतले तरी पैलवानाचे काही बिघडत नाही, आणि पुष्कळजण ते मिटूनही घेतात. मुष्टियुद्धात असे होत नाही, कारण तेथे ठोसा हातभरापलीकडून निघतो आणि अंगाला भिडणे हा तर पंचाने सोडविण्याचा प्रकार. कराटेत खेळाडू त्याहूनही लांब उभा राहून क्षणार्धात आत झेपावतो, त्यामुळे लांबच्या नजरेवर सर्वांत अधिक भिस्त त्याचीच. जुदोवाला मात्र झग्याची पकड मिळताच कुस्तीगिराच्या पंक्तीला येऊन बसतो. नंबर तोच, पण खेळ बदलला की त्याची किंमत बदलते.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पुसट दिसणे आणि न दिसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हालचाल टिपण्याचे काम बव्हंशी नजरेच्या कडा करतात, आणि त्या कामाला रेखीवपणा लागतोच असे नाही. प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर काही वर्तमानपत्र छापलेले नसते. खरी पंचाईत होते ती दोन डोळ्यांत फार फरक पडला तर, कारण अंतराचा अदमास दोघे मिळून बांधतात. आणि असा फरक एका पळात कसा पडू शकतो, ते मी स्वतः पाहिले आहे.

कोल्हापुरातील एका तालमीत हौद्याच्या कठड्यावर बसलो होतो. तांबडी माती नुकतीच उकरून मऊ केलेली. तीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मुरल्याचा तो आंबूस, किंचित औषधी वास. अठरा-एकोणीस वर्षांचा एक उणे साडेतीन नंबरवाला पोरगा लेन्स घालून आत उतरला. रिवाजाप्रमाणे दोघांनी मूठमूठ माती एकमेकांच्या अंगावर टाकली, खडाखडी झाली, समोरच्याने मान दाबताना तळहात कपाळावरून गालापर्यंत खरडत नेला, आणि आमचा पोरगा एकाएकी मागे सरून उभा राहिला.

“काय रं, थांबलास का?” वस्तादांनी विचारले.

“वस्ताद, डोळा पडला!”

सगळी तालीम हसली. ‘डोळा’ त्याच्याच गालावर, घामात आणि हळदीच्या मातीत चिकटलेला सापडला. त्याने तो चिमटीत धरला, जिभेवर ठेवून चाटून स्वच्छ केला आणि पुन्हा डोळ्यात घालण्यासाठी खालची पापणी ओढली. मी कठड्यावरून उठून त्याचा हात धरला. वस्तादांना माझे हे वागणे अगोचरपणाचे वाटले असावे, परंतु त्या पोराच्या पैलवानकीला सर्वांत मोठा धोका त्या संध्याकाळी होता तो समोरच्या मल्लाकडून नव्हे, तर त्या चाटलेल्या लेन्सकडून होता.

असे का, ते समजण्यासाठी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात पाहिले पाहिजे. डोळ्यावर भिंग बसविण्याचा पहिला शास्त्रीय प्रयोग ॲडॉल्फ फिक या वैद्याने १८८८ साली झुरिकमध्ये प्रसिद्ध केला. ती भिंगे काचेची, जड, आणि दोन-एक तासांपलीकडे सहन न होणारी. पुढे प्लास्टिकची लहान कठीण भिंगे आली. मऊ भिंग मात्र एका स्वयंपाकघरात जन्मले. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या ‘मेर्कुर’ नावाच्या जोडणीच्या खेळण्यातील पट्ट्या आणि सायकलचा डायनामो यांतून एक गरगरते यंत्र उभे केले, आणि त्याच्या साच्यात पाणी शोषून मऊ होणारा पदार्थ फिरवून पहिली कामचलाऊ भिंगे ओतली. या शोधाने मल्लाचे कल्याण केले ते असे : बुबुळावरचे पारदर्शक पटल सुमारे बारा मिलिमीटर रुंद असते, कठीण भिंग नऊ-साडेनऊ मिलिमीटरचे, ते अश्रूंच्या थरावर तरंगते आणि धक्क्यासरशी उडते, मऊ भिंग चौदा मिलिमीटरच्या आसपास असल्याने त्याची कड पापणीखाली पांढऱ्या भागावर टेकते आणि ते सहसा हलत नाही. तळहात खरडला गेला तर मात्र तेही दुमडते. ते डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूत शिरते ही भीती निराधार आहे, कारण डोळ्याचे पातळ आवरण पापणीच्या आत वळून बंद होते आणि मागे जाण्यास वाटच राहत नाही. फार तर वरच्या पापणीखाली दडून बसेल.

म्हणूनच निरनिराळ्या नियमावल्यांनी मऊ लेन्सला मुभा दिलेली आढळते. जागतिक कराटे महासंघाचा नियम चष्म्यास मज्जाव करतो आणि मऊ लेन्स खेळाडूच्या स्वतःच्या जबाबदारीवर चालू देतो. जुदोच्या जुन्या नियमावलीत तर एक कलमच होते, की लढतीत लेन्स पडली, ती लगेच सापडली नाही आणि तिच्यावाचून आपण पुढे खेळू शकत नाही असे खेळाडूने सांगितले, तर पंचाने विजय प्रतिस्पर्ध्यास बहाल करावा. हे कलम मला क्रूर वाटत नाही, कारण चटईवर वीस माणसांनी रांगत लेन्स शोधायची तर लढतीला रात्र व्हावयाची!

आता मातीकडे येतो. माती आणि नळाचे साधे पाणी या दोहोंत अकॅन्थामीबा नावाचा एक सूक्ष्म जीव राहतो. निरोगी, उघड्या डोळ्याला तो क्वचितच उपद्रव देतो, पण लेन्सखाली अडकला आणि पटलाला सूक्ष्म ओरखडा असला, की तेथे ठाण मांडतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्सचे द्रावण घरीच करण्याचा शिरस्ता पडला होता, आणि त्यातून या रोगाचे बरेच रुग्ण निघाले. वेदना असह्य, उपचार महिनोन्‌महिने, आणि शेवटी पटलावर पांढरा डाग. त्यात आपल्याकडे मातीच्या ओरखड्यांतून बुरशीही डोळ्यात शिरते. शेतकऱ्यांच्या बुबुळांवर फूल पडते त्याचे हे एक मोठे कारण. म्हणून माझे मत स्पष्ट आहे आणि ते वस्ताद मंडळींना न रुचले तरी मला ते बदलता येत नाही : मातीत लेन्स नको. मॅटवर हवी तर एका दिवसाची, कुस्ती संपताच फेकून द्यावयाची, शिवाय लंगोटाबरोबर एक जोड शिल्लक. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून घालावी. हौदावरच्या पाण्याचा किंवा जिभेचा तिला स्पर्श होऊ नये. आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेनासा झाला, की लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. चष्म्याच्या चिठ्ठीवरून लेन्स विकत घेणेही बरोबर नाही, कारण चष्मा डोळ्यापासून दूर असतो. त्याचा उणे सहा लेन्समध्ये सुमारे उणे साडेपाच होतो.

इतका वेळ मी नजरेविषयी बोललो. परंतु पैलवानकी खरोखर संपविणारी गोष्ट नजरेची नसून लांबीची आहे, आणि गावातील लोक म्हणतात त्यात जो तथ्यांश आहे तो नेमका येथे. मोठ्या माणसाचा नेत्रगोल सुमारे चोवीस मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटरने वाढला तर नंबर अडीच-तीनने चढतो. आतला पडदा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, तो ताणला जातो आणि कडांना विरळ होतो. डोळ्यावर ठोसा बसला की गोल पुढून-मागून दबतो आणि मध्यावर फुगतो. त्या क्षणी विरळ कड फाटली तर आतले पाणी फटीतून पडद्यामागे शिरते आणि भिंतीला ओल येऊन पोपडा सुटावा तसा पडदा सुटतो. अगोदर विजा चमकल्यासारख्या वाटतात, काळे ठिपके तरंगतात, मग एका बाजूने सावली चढू लागते. शुगर रे लिओनार्ड या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा १९८२ च्या मे महिन्यात सुटलेला आढळला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे तो परतला ही गोष्ट निराळी.

डोळ्याचा दोष दडपून ठेवण्याचा मोह मात्र मोठा असतो. जो फ्रेझर या मुष्टियोद्ध्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि तो त्याने वर्षानुवर्षे तपासनीसांपासून लपविला होता. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ महंमद अलीशी झालेल्या त्या प्रसिद्ध झुंजीत अलीच्या ठोशांनी त्याचा उजवा डोळा सुजून बंद होत गेला, तसा समोरून येणारा हातच त्याला दिसेनासा झाला. चौदाव्या फेरीनंतर गुरू एडी फच यांनी त्याची विनवणी न जुमानता झुंज थांबविली.

नंबर घालविण्याच्या शस्त्रक्रियांविषयी पुष्कळजण विचारतात. लॅसिकमध्ये पटलाचा पातळ पापुद्रा उचलून पुन्हा बसवितात, आणि तो जोरदार आघाताने काही वर्षांनीही सरकल्याचे दाखले आहेत. पीआरके पद्धतीत पापुद्राच नसतो, दुखते अधिक, नजर स्थिरावण्यास आठवडे लागतात, पण झुंजीच्या खेळाडूस तीच मानवते. मात्र यांपैकी कोणतीही शस्त्रक्रिया नेत्रगोलाची लांबी तसूभरही कमी करीत नाही. चष्मा गेला तरी ताणलेला पडदा ताणलेलाच राहतो.

सांगलीच्या गृहस्थांना माझे उत्तर असे, की चिरंजीवाच्या डोळ्यांत औषध घालून, बाहुली मोठी करवून, पडद्याच्या कडा एकदा नीट तपासून घ्याव्यात आणि वर्षातून एकदा हा जाबता पाळावा. पडदा निर्दोष असेल तर उणे सव्वादोन ही कुस्ती सोडण्याची सबब मुळीच नाही. त्याची सरहद्द हातभरावर आहे. मातीत त्याने चष्मा-लेन्स दोन्ही काढून उतरावे. मुष्टियुद्धाचा विचार असता तर मी इतक्या सहज संमती दिली नसती.

त्या लेन्स चाटणाऱ्या पोराला मी सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले. मध्यंतरी, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशातील सिहोरच्या कपिल परमारने अंधांच्या जुदोत कांस्यपदक मिळविले, आणि त्या खेळात दोघांनी एकमेकांच्या झग्याची पकड घेतल्यावरच पंच लढत सुरू करतो, हे मी वस्तादांना बोलता बोलता सांगितले होते. त्यांनी तेव्हा नुसती मान हलविली होती. आता पोरगा उघड्या डोळ्यांनी, लेन्सशिवाय हौद्यात उभा होता, आणि वस्ताद कठड्यावरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ओरडत होते : “मानंवरचा हात सोडू नगंस! लांब ऱ्हायलास तर तुला दिसायचं न्हाई. चिकट, चिकट त्येला!” तिसऱ्या खेपेस त्याने मान धरूनच घिस्सा ओढला आणि जोडीदार मातीत आडवा झाला.

(पुढील लेखांक : नायटा, गजकर्ण आणि तालमीतील सामाईक पंचा)