शुल्काची हद्द आणि भंगाराचा हिशेब

बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली मागे टाकून सावरोलीहून खारपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभिवली हे खालापूर तालुक्यातील गाव लागते. एका अंगाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, दुसऱ्या अंगाला पाताळगंगेच्या खोऱ्यातील कारखाने आणि पश्चिमेकडे २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले न्हावा-शेवाचे बंदर अशी या पट्ट्याची रचना असल्यामुळे परदेशी कच्चा माल आणणे आणि तयार माल परदेशी पाठवणे या दोन्ही गोष्टी येथील उद्योगाच्या नित्याच्या व्यवहारात आहेत. अशा ठिकाणच्या एखाद्या उभ्या कारखान्याला, त्याची जागा न हलवता, परदेशी व्यापारक्षेत्राचा दर्जा कसा मिळतो आणि तो टिकवण्यासाठी काय करावे लागते, हा या लेखाचा विषय आहे.

परदेशी व्यापारक्षेत्र म्हणजे देशाच्या भूमीवर असूनही आयात शुल्काच्या हिशेबापुरती देशाबाहेरची मानलेली जागा. अमेरिकेने त्यासाठी १९३४ मध्ये कायदा केला आणि १९५२ पासून क्षेत्राच्या बाहेर असलेल्या स्वतंत्र कारखान्यालाही उपक्षेत्र म्हणून हा दर्जा देण्यास सुरुवात केली. भारतात १९६५ मध्ये कांडला येथे आणि १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ येथे निर्यातक्षेत्रे उभी राहिली. मात्र तेथे कारखान्याने क्षेत्रात जावे, अशी अपेक्षा होती. ही दिशा ३१ डिसेंबर १९८० च्या निर्यातप्रधान घटक योजनेने बदलली. तिच्यात कारखाना असेल तेथेच राहतो, विकास आयुक्तांकडून परवानगीपत्र घेतो आणि पाच वर्षांच्या एकत्रित हिशेबात मिळवलेले परकीय चलन खर्चलेल्या चलनापेक्षा अधिक असेल, अशी हमी देतो. महाराष्ट्रातील घटकांसाठी हे विकास आयुक्त सीप्झमध्येच बसतात.

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने पुन्हा जमिनीवर भर दिला, आणि त्याची किंमत रायगड जिल्ह्याइतकी स्पष्टपणे फार थोड्या जिल्ह्यांना कळली असेल. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील नियोजित महामुंबई क्षेत्राविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत जनमत घेतले गेले आणि अखेर तो प्रकल्प बारगळला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील भातशेती वाचली, हे चांगलेच झाले. तथापि निर्यातीसाठी शुल्कमुक्त आवार हवे असेल तर हजारो एकर एकत्र करावेच लागतात, हा जो समज त्या वादातून रूढ झाला, तो मुळातच चुकीचा होता, कारण सीमाशुल्क कायदा, १९६२ मधील कलम ६५ तेव्हाही अस्तित्वात होते.

या कलमानुसार सीमाशुल्क आयुक्तांच्या परवानगीने बंधित गोदामात, म्हणजे शुल्क न भरलेला आयात माल बंधपत्रावर ठेवण्याच्या जागेत, उत्पादनही करता येते. दीर्घकाळ फारसे न वापरले गेलेले हे कलम १ ऑक्टोबर २०१९ च्या नव्या नियमावलीने पुन्हा जिवंत झाले. खाजगी गोदामाचा परवाना आणि उत्पादनाची परवानगी यांसाठी आता एकच अर्ज करावा लागतो, निर्यातीचे कोणतेही बंधन नाही आणि परवाना रद्द होईपर्यंत चालू राहतो. आयात केलेल्या कच्च्या मालावरील व यंत्रांवरील शुल्क लांबणीवर पडते आणि त्यावर व्याज लागत नाही. तयार माल निर्यात झाला तर त्यातील कच्च्या मालावरचे शुल्क माफ होते. देशात विकला तर ते शुल्क विक्रीच्या वेळी भरावे लागते. विशेष आर्थिक क्षेत्रातून देशात येणाऱ्या मालावर तयार मालाच्या दराने शुल्क बसते, येथे मात्र केवळ त्यात वापरलेल्या आयात मालापुरतेच बसते, हा फरक स्थानिक बाजारातही विक्री करणाऱ्या कारखान्यासाठी निर्णायक ठरतो.

या व्यवस्थेत सरकारी महसुलाचे संरक्षण कुंपणापेक्षा कागदावर अधिक अवलंबून आहे. मालक देय शुल्काच्या तिप्पट रकमेचे बंधपत्र लिहून देतो. बंदरातून निघणाऱ्या कंटेनरला एकदाच वापरता येणारे कुलूप लागते. कारखान्यात ते शाबूत आहे का हे पाहूनच माल उतरवला जातो, आणि मोजणीत तफावत आढळल्यास २४ तासांच्या आत बंध अधिकाऱ्याला कळवावे लागते. ही जबाबदारी वेअरहाउस कीपर नावाच्या कर्मचाऱ्यावर असते. गोदामाचे काम आणि सीमाशुल्काची रीत या दोन्हींचा त्याला अनुभव असावा लागतो, प्रत्येक आवकजावक संगणकीय नोंदवहीत चढवावी लागते आणि मासिक विवरणपत्र पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यावे लागते. पूर्वी सीमाशुल्क अधिकारी आवारात बसून जे पाहत असे, ते आता कारखान्याचाच पगारदार माणूस पाहतो आणि त्याच्या सचोटीवर संपूर्ण योजना उभी राहते. या पदाकडे जितके लक्ष दिले जायला हवे तितके दिले जात नाही.

त्याच्या कामाचा खरा कस भंगाराच्या हिशेबात लागतो. खोपोलीच्या परिसरात पोलादाचे काम जुने असल्यामुळे उदाहरण त्याचेच घेता येईल. समजा, १०० टन आयात पत्र्यातून ९० टन सुटे भाग तयार झाले व १० टन कातरण उरली, आणि भागांपैकी ६० टक्के निर्यात होऊन ४० टक्के देशात विकले गेले. देशातील विक्रीवर ३६ टनांचे नव्हे, तर ४० टन पत्र्याचे शुल्क द्यावे लागते, कारण त्या भागांसोबत निघालेली ४ टन कातरणही त्यात धरली जाते. निर्यातीच्या वाट्याची ६ टन कातरण मात्र एकतर नष्ट करावी लागते किंवा ती भंगार म्हणूनच आयात झाली असे मानून तिच्यावर भंगाराच्या दराने शुल्क भरावे लागते. एकाच ढिगातील कातरणीची दोन प्रकारे गणना करणारा हा नियम किचकट असला तरी न्याय्य आहे, कारण तो नसता तर भंगाराच्या नावाखाली चांगला माल शुल्काविना बाजारात गेला असता.

प्रत्यक्षात हा ढीग नीट वेगळा राहत नाही. त्याच यंत्रावर देशी पत्राही कापला जातो, पात्याची धार गेली की कातरण वाढते, जाडी बदलली की प्रमाण बदलते. आवश्यक तेथे कच्च्या व तयार मालाचे प्रमाण आधी कळवावे आणि ते बदलल्यास पुन्हा कळवावे, अशी अट असल्याने उत्पादन विभागाची दैनंदिन नोंद आणि कस्टम्सची नोंदवही यांचा मेळ सतत घालावा लागतो, शिवाय माल बाहेर पडल्यानंतरही नोंदी किमान ५ वर्षे जपाव्या लागतात. मोठी कंपनी त्यासाठी स्वतंत्र विभाग नेमते. पाताळगंगेच्या खोऱ्यातील पंचवीस-तीस कामगारांच्या कारखान्यात मात्र लेखापालच वेअरहाउस कीपर होतो, किंवा हिशेब चुकण्याच्या भीतीने मालक या वाटेला जातच नाही.

कायद्याच्या अस्थिरतेमुळे ही भीती वाढली आहे. बंधित आवारात सौर ऊर्जाप्रकल्प उभारण्यास केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने जुलै २०२२ च्या सूचनेने हरकत घेतली, दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ती सूचना रद्द केली, आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने काही प्रकारची कामे वगळण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. त्याआधी २०२३ मध्ये कलम ६५अ घालून अशा मालावरील एकात्मिक वस्तू व सेवा कर आयातीच्या वेळीच घेण्याची तरतूद झाली; पण ती कधीपासून लागू होणार हे कायदा संमत होताना अधिसूचनेवर सोपवण्यात आले. वीस वर्षे चालणारे यंत्र लांबवलेल्या शुल्काच्या भरवशावर आणणाऱ्याला अशी टांगती तरतूद परवडत नाही.

जमीन न घेता, गाव न उठवता निर्यातीला आधार देणारी ही व्यवस्था रायगडसारख्या जिल्ह्याला सर्वांत मानवणारी आहे, आणि म्हणूनच ती लहान कारखान्यांच्या आवाक्यात आणली पाहिजे. सीमाशुल्क खात्याने उद्योगवार घटीची प्रमाणे आणि भंगाराच्या हिशेबाचे नमुने मराठीत प्रसिद्ध करावेत, शेजारच्या काही घटकांना मिळून एक प्रशिक्षित वेअरहाउस कीपर नेमण्याची मुभा द्यावी, आणि उद्योजकांच्या संघटनांनी सवलतींच्या निवेदनांआधी ही मागणी लावून धरावी.